खाडाखोडीसह सत्यप्रत

फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या इमारतीत नाही, असं लोक म्हणतात. मी फक्त ते खोडून काढत नाही. माझी नोकरीच तशी आहे. कचेरीतल्या जुन्या नकाशांच्या, दाखल्यांच्या, ठरावांच्या नकला करायच्या, मूळ कागदाशी ताडून बघायच्या आणि खाली 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही ठोकायची, हे काम मी सतरा वर्षं करतोय. मूळ कागदावर खाडाखोड असेल तर ती नकलेतही जशीच्या तशी दाखवायची आणि शेजारी लघुस्वाक्षरी करायची, असा आमच्याकडे नियम आहे. सतरा वर्षांत माझी एक नक्कल परत आलेली नाही. तेव्हा भिंगरीच्या डब्याच्या पिशवीतून दातांचा फॉर्म निघाला, तो आमच्या हिने न वाचताच माझ्यापुढे ठेवला आणि ती मोकळी झाली.

भिंगरी म्हणजे आमची कन्या. वय वर्षं सहा, इयत्ता पहिली. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलं.

फॉर्मामागची हकिकत अशी, की दंतवैद्यक शिकणारी एक तरुण डॉक्टरीण आमच्या शाळेत येऊन गेली होती. मुलांचे दात आणि त्यामुळे मुलांचं आणि घरादाराचं सुखदुःख, असा काहीतरी तिचा अभ्यासाचा विषय होता. पहिलीच्या अठ्ठावीस मुलांच्या पालकांनी तेरा प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि मुलांना ती नंतर वेगळं विचारणार. पालकसभेत ती कागदांचा गठ्ठा घेऊन उभी राहिली. शाळेची परवानगी मिळायलाच आठ महिने गेले, महिनाअखेर अभ्यास सादर करायचाय, हे फॉर्म वाया गेले तर माझं एक वर्ष गेलं, असं तिने सरळ सांगून टाकलं. आम्ही सगळे पालक हेलावलो. पोरीला मदत करायची, तर उत्तरं उत्तम असली पाहिजेत, यावर आमचं तिथल्या तिथे एकमत झालं. घोडं इथेच पेंड खायला लागलं.

कारण उत्तम उत्तर कुठलं हेच कळेना. गेल्या तीन महिन्यांत मुलाचे दात दुखले का, खाताना त्रास झाला का, झोप मोडली का, मूल हसायचं टाळतं का. प्रत्येकापुढे पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, वारंवार, रोजच. आणि नववा प्रश्न तर पालकांवरच होता. पाल्याच्या दातांमुळे तुम्हाला अपराधी वाटतं का? सतरा वर्षांत कुठल्याही फॉर्माने मला असं काही विचारलेलं नाही. जन्मतारीख विचारा, देतो. उत्पन्न विचारा, कमी करून देतो. पण अपराधी? मी म्हटलं, 'कधीच नाही' लिहू. ही म्हणाली, त्यातून आपण बेफिकीर दिसतो. 'रोजच' लिहावं तर पोलीस यायचे. 'अधूनमधून' म्हणजे अपराधीही वाटतं आणि चहाही गोड लागतो, असली माणसं. भिंगरी तेव्हा तिथेच पलंगावरून उलटी लटकून आमचं बोलणं ऐकत होती. मधेच तिने तोंड उघडलं, तर मोठ्यांच्या मधे बोलू नये म्हणून हिने तिला गप्प केलं.

शेवटी मी वरच्या मजल्यावर अण्णांकडे गेलो. अण्णा न्यायालयातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सल्ल्याची एकही संधी त्यांनी वाया घालवलेली नाही. त्यांनी फॉर्म उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाले की फॉर्मात दोन गोष्टी करू नयेत. रकाना मोकळा सोडू नये आणि चारचौघांपेक्षा वेगळं लिहू नये. जो वेगळं लिहितो त्यालाच बोलावणं येतं. तेव्हा वर्गातल्या हुशार मुलाचा फॉर्म बघ आणि तसाच भर, म्हणजे चूक झालीच तर मोठ्या माणसांबरोबर होते.

वर्गात हुशार मूल एकच. त्याला सगळे पहिला नंबर म्हणतात, आणि त्याच्या आईला पहिल्या नंबरची आई. ही बाई वह्यांना दोन दोन वेष्टनं घालते. बैठकीला येताना मागच्या बैठकीचं टिपण घेऊन येते. तिचा फॉर्म चूक असणं शक्यच नव्हतं. तारीख कशी लिहायची ते बघतो, असं सांगून मी शाळेच्या फाटकाशी तिच्याकडून फॉर्म पाच मिनिटांसाठी मागून घेतला, समोरच्या दुकानात त्याची झेरॉक्स काढली आणि परत दिला. ही गोष्ट चांगली नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. पण तारीख मी खरोखरच बघितली होती, एवढं समाधान होतं.

तिच्या उत्तरांनी आम्ही जरा चक्रावलो. दात दुखतो: वारंवार. कोणता: खालची, डावीकडची दाढ. झोप मोडते: वारंवार. दातामुळे काय बुडलं: शाळा दोन दिवस, बुद्धिबळाचा वर्ग दोन दिवस. नवव्या प्रश्नात आधी 'क्वचित'वर खूण होती. ती गिरवून गिरवून खोडली होती आणि 'रोजच'वर नवी केली होती. ही म्हणाली, अहो, भिंगरी तर बुद्धिबळाला जातही नाही. मी म्हटलं, पहिल्या नंबरच्या आईने लिहिलंय, म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असणार. आणि मी ते उतरवलं. अक्षर सुबक काढलं.

बातमी कशी फुटली ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी एका पालकाने माझ्या कानाशी लागून झेरॉक्स मागितली. मग दुसऱ्याने. पाठोपाठ एक आजी आल्या, त्यांनी नातवासाठी एक आणि जाऊबाईंच्या नातवासाठी एक नेली, त्या जाऊबाईंचा नातू या शाळेत नसूनही. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझी वाट बघत उभे होते. वशिला न बघता, मानपान न करता, मी सव्वीस घरांत नकला समान वाटल्या. पहिल्या नंबरची आई सोडून वर्गात कुणी वंचित राहिलं नाही.

अशा रीतीने आमच्या शाळेत दाढेची साथ आली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म मोजले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका वर्गातल्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलांची डावीकडची खालची दाढ दुखते, कुणालाही धड झोप नाही, आणि सर्वच्या सर्व पालक रोज अपराधी. त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी आरोग्य खात्याला कळवलं. तिसऱ्या दिवशी एक निरीक्षक बाटल्यांची पेटी घेऊन शाळेत दाखल झाले. त्यांनी टाकीचं पाणी नेलं, नळाचं पाणी नेलं, खडू नेले आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावरचं पेढ्यासारखं दिसणारं खोडरबरही नेलं. उपाहारगृह बंद झालं. नळांना फडकी बांधली गेली. मुलं घरून दोन दोन बाटल्या पाणी नेऊ लागली आणि त्या ओझ्याने वाकून चालू लागली. निरीक्षकांनी बुद्धिबळाच्या मास्तरांचीही चौकशी केली, कारण तोच एक धागा सगळ्या रुग्णांत समान होता. मास्तर शपथेवर सांगत होते, की माझ्याकडे आठच मुलं येतात. उरलेल्या वीस मुलांना हा माणूस कुठल्या खोलीत शिकवतो, याचा शोध सुरू झाला.

मला वाटलं, कुणीतरी खरं बोलेल आणि गोष्ट मिटेल. पण लोक खरं बोलण्याऐवजी खरं मानायला लागले. ज्यांनी माझ्या हातून नक्कल नेली होती तेच मला शाळेच्या पाण्याचे दुष्परिणाम समजावून सांगू लागले. एका गृहस्थांनी शुद्धीकरण यंत्र बसवलं. आमची हीसुद्धा रोज संध्याकाळी विजेरी घेऊन भिंगरीला दिवाणावर आडवी करू लागली. मी म्हटलं, अगं, हे आपणच लिहिलंय. ती म्हणाली, "लिहिलंय तुम्ही. पण निरीक्षक काय वेडे आहेत का?" चौथ्या दिवशी माझीच डावीकडची दाढ ठणकायला लागली. कचेरीतल्या शिपायाने लवंग धरायला सांगितली. मी ती धरून बसलो.

अण्णांचा सल्ला होता, तोंड उघडायचं नाही. चौकशी म्हणजे उधळलेला बैल, आपण भिंतीला टेकून उभं राहायचं, तो आपोआप पुढे जातो. मी भिंतीला टेकलो. पण बैल माझ्या टेबलाशी आला. शाळेच्या नळवाहिन्यांचा मूळ नकाशा आमच्या दप्तरात होता आणि त्याची सत्यप्रत हवी, असं पत्र निरीक्षकांनी कचेरीला धाडलं. नक्कल करणार कोण? मीच. झेरॉक्सच्या दुकानातून पसरलेल्या साथीचा उगम मी दोन दिवस निळ्या रेघांच्या नळांमध्ये शोधत बसलो.

तिसऱ्या दिवशी नकाशा न्यायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. सभेत पाहिली ती हीच मुलगी का, असा प्रश्न पडावा इतकी ती उतरली होती. मी नकाशा दिला, पोच घेतली. तरी ती उठेना. मग तिने पिशवीतून अठ्ठावीस फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवले. सांगू लागली, की तिच्या प्राध्यापकांना संशय आहे हे फॉर्म एकमेकांवरून उतरवलेत. ती त्यांच्याशी भांडली. आईबाप स्वतःच्या मुलाच्या दाताबद्दल दुसऱ्याचं बघून कशाला लिहितील, असं तिने त्यांना ठणकावलं. आता चार दिवस उरलेत. उत्तरं खरी असतील तर तिला पुढे जायचंय. खोटी असतील तर फॉर्म फेकून द्यायचे आणि वर्षही त्याबरोबर.

"तुम्ही रोज नकला तपासता," ती म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा, या नकला आहेत का?"

मला काही तपासायची गरज नव्हती, तरी सवयीने मी एकेक फॉर्म उलटत गेलो. अठ्ठावीस दाढा. अठ्ठावीस बुडालेले बुद्धिबळाचे वर्ग. नवव्या प्रश्नापाशी तर एकोणीस पालकांनी आधी 'क्वचित'वर खूण करून ती इमानेइतबारे खोडली होती आणि मग 'रोजच'वर केली होती. खाडाखोडसुद्धा उतरवली होती लोकांनी. मनात म्हटलं, काय ही तयारी, आमच्या कचेरीत असती ही माणसं तर. आणि तेवढ्यात एक फॉर्म हाती आला ज्यात त्या खाडाखोडीशेजारी निळ्या शाईत लघुस्वाक्षरी होती. वळणदार, तारखेसह.

टेबलावर नकाशाची सत्यप्रत पडली होती. तिच्यावरची लघुस्वाक्षरी आणि फॉर्मावरची लघुस्वाक्षरी एकमेकींपासून वीतभर अंतरावर होत्या. तिने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझी दातखीळ बसली. लवंग गिळली गेली.

मी सगळं सांगितलं. अण्णा, फाटक, झेरॉक्स, आजींची जाऊबाई, काही लपवलं नाही. ती चिडेल, रडेल, साहेबांकडे जाईल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तिने माझा फॉर्म हातात धरून ठेवला आणि अगदी सरळ विचारलं, "मग तुमच्या मुलीचे दात कसे आहेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेरा प्रश्न मी सुबक अक्षरात सोडवले होते, पण या चौदाव्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. टेबलावरचे शिक्के उगाच सरळ करत बसलो.

मग मात्र मी कामाला लागलो. शनिवारी सगळे पालक मुलांसह सभागृहात हजर करतो, नवे फॉर्म भरून देतो, तुमचं वर्ष जाऊ देत नाही, असा तिला शब्द देऊन बसलो. निरीक्षकांना लेखी कबुली दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं की खडूंचं काय करू. मुख्याध्यापिकांनी मला उभ्यानेच ऐकून घेतलं आणि उभ्यानेच जायला सांगितलं. उपाहारगृहाच्या बाईंनी तर मला पाहून पाठ फिरवली. मग घरोघर गेलो. सव्वीस घरं. निम्म्यांनी आपण नक्कल घेतल्याचंच नाकारलं, उरलेल्यांनी मी ती त्यांच्या गळ्यात मारल्याचं सांगितलं. शुद्धीकरण यंत्रवाले मला पाणीही विचारेनात. पण डॉक्टरीणबाईंच्या वर्षाचं सांगितल्यावर येणार नाही असं कुणी म्हणालं नाही. माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त चूक व्हायला नको होती.

सर्वांत शेवटी, कारण सर्वांत जास्त भीती तिथलीच होती, मी पहिल्या नंबरच्या आईकडे गेलो. तिने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. तिचा फॉर्म शब्दन् शब्द खरा होता. मुलाला गणितं करायची गोडी लागावी म्हणून तीच त्याला दर बरोबर गणितामागे लिमलेटची एक गोळी देत आली होती. पोराचं एकही गणित चुकलं नाही. दाढ गेली.

"त्या प्रश्नावर मी अर्धा तास बसले होते," ती म्हणाली. "आधी खोटं लिहिलं, मग ते खोडलं. ते मी माझ्या आईलासुद्धा दाखवलं नसतं. तुम्ही सव्वीस घरांत वाटलंत."

मी माफी मागितली. 'माफ करा' या शब्दांपलीकडे मला काही सुचलं नाही आणि तेही नीट आले नाहीत. ती उठली. मग म्हणाली, की शनिवारी येते. आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर तिने विचारलं, खरंच एकोणीस जणांनी खोडलं का? मी म्हटलं, एकोणीस. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. ते हसू होतं, असं मी धरून चाललोय.

शनिवारी सभागृह भरलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी आमची चांगलीच नाकेबंदी केली होती. दोन पालकांमध्ये तीन हात अंतर, आणि प्रत्येकाशेजारी त्याचं मूल. आधी मुलाला विचारा, मुलाचं ऐका, मग खूण करा. वेळ अर्धा तास. अण्णाही निरीक्षण करायला आले होते, त्यांना व्हरांड्यात बसवलं. पहिल्या नंबरची आई पहिल्या रांगेत मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तो तिला काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती. अठ्ठावीस घरं एकदम कुजबुजायला लागली.

मी पेन उघडलं. पहिला प्रश्न वाचला. दातांचा काही त्रास होतो का गं?

भिंगरीने विचारलं, "कुठल्या दाताचा?"

कुठल्याही, मी म्हटलं.

"दुखत नाही कुठला. पण हा हलतो." तिने खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. अगदी पुढचा, मधला दात. जिभेने टोचला तसा तो झुलला. गेले तीन आठवडे हलत होता म्हणे. बाकावरच्या मैत्रिणीला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, शाळेच्या पहारेकऱ्याला तर ती रोज दाखवायची आणि तो रोज, आज जास्त हलतोय, असं सांगायचा. मी हिच्याकडे पाहिलं. ही कपाळाला हात लावून बसली होती. आठ दिवस विजेरी घेऊन ज्या तोंडात बघितलं, त्याच तोंडात, ऐन दारात.

"अगं, आई रोज बघत होती ना," मी म्हटलं. "तिला का नाही सांगितलंस?"

"ती म्हणायची डावीकडची दाढ दाखव," भिंगरी म्हणाली. "मी डावीकडची दाखवायचे."

ही आधी हसली, मग तिने डोळे पुसले, मग पुन्हा हसली. मी फॉर्म गुडघ्यावर ठेवून दिला. एक सांगतो. भिंगरीचा पहिला दात आला तेव्हा तो पहिल्यांदा मला दिसला होता, हिला नाही, आणि त्यावरून मी चार दिवस फुशारकी मारली होती. आता तो जायला निघाला होता आणि त्याची खबर पहारेकऱ्याला होती.

तिला आम्हाला सांगायचं होतं, पण आम्ही तो लगेच काढून टाकू, आणि तिला तो अजून हवाय, असं भिंगरीचं म्हणणं पडलं. जिभेने हलवला की छान वाटतं. शुद्धलेखन चाललेलं असताना तर फारच छान वाटतं. पडला की संपलंच मग.

काढणार नाही, मी कबूल केलं.

"मग हात लाव," ती म्हणाली. "पण हळू."

मी रुमालाने बोट पुसलं. तिने आ केला. मी बोटाचं टोक त्या दातावर ठेवलं, आणि तो इवलासा दात माझ्या बोटाखाली पुढे गेला आणि मागे आला. भिंगरीचे डोळे आनंदाने एवढे झाले. आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या. लोक फॉर्म देऊन उठायला लागले होते. डॉक्टरीणबाई गठ्ठा छातीशी धरून रांगांमधून येत होत्या, आणि गठ्ठा चांगला जाड झाला होता. त्या आमच्यापाशी थांबल्या. माझ्या गुडघ्यावरच्या फॉर्मावर नावाखेरीज एक अक्षर नव्हतं.

"वेळ संपली," त्या म्हणाल्या. "झालं का?"

"अजून पहिल्याच प्रश्नावर आहे," मी बोट न काढता म्हटलं. "वेळ लागेल."